स्वयंगती ऑनलाइन प्रशिक्षणात वाट कुठे मोकळी ठेवावी आणि कुठे अडवावी

आपापल्या वेळेने पूर्ण करायच्या ऑनलाइन प्रशिक्षणात शिक्षक समोर नसतो. पुढचा धडा कधी उघडायचा, जुना पुन्हा पाहायचा की नाही, चाचणी आधी देऊन टाकायची का, हे निर्णय एक तर शिकणाऱ्याच्या हाती राहतात किंवा कोर्स बांधणाऱ्याने ते त्याच्या वतीने आधीच घेऊन ठेवलेले असतात. कार्यालयीन प्रशिक्षणात बहुधा दुसरा प्रकार आढळतो. स्लाइडवरचा आवाज संपेपर्यंत ‘नेक्स्ट’ बटन बंद असते, बाजूचा मेनू दिसतो पण चालत नाही, व्हिडिओची पट्टी पुढे सरकत नाही आणि प्रत्येक भाग मागच्या भागाला साखळीने बांधलेला असतो. ‘कोणीही काही वगळू नये’ अशी प्रशिक्षण विभागाची मागणी असते आणि त्या मागणीत गैर काहीच नाही. मात्र बटने बंद केल्याने माणूस वाचतो असे होत नाही. तो आवाज बंद करून दुसऱ्या टॅबमध्ये आपले काम करतो आणि बटन उजळले की परत येऊन ते दाबतो.

म्हणून अडवण्याचा विचार करताना एक नियम धरून चालावे, असे माझे ठाम मत आहे. ज्या कुलपाचे कारण शिकणाऱ्याला एका वाक्यात सांगता येते तेवढेच कुलूप लावावे, आणि ते शक्यतो शिकण्याच्या वाटेवर न लावता समजल्याच्या पुराव्यावर लावावे. अशी कारणे मला तीनच दिसतात. मागचे कळल्याशिवाय पुढचे कळणारच नाही, हे पहिले. विशिष्ट गुण मिळाल्याशिवाय प्रमाणपत्र देता येत नाही, हे दुसरे. आणि कायद्याने किंवा नियामकाने किमान वेळ ठरवून दिलेला आहे, हे तिसरे. तिसरे कारण आपल्याकडे वाटते तितके वरचेवर लागू होत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात लैंगिक छळ प्रतिबंधाचे प्रशिक्षण पर्यवेक्षकांना किमान दोन तास आणि इतर कर्मचाऱ्यांना किमान एक तास द्यावे असे स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे तिथे वेळ मोजणारे कुलूप लावण्याला आधार आहे. भारतातील कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाचे कलम १९ नियोक्त्याने ठरावीक अंतराने कार्यशाळा आणि जागृती कार्यक्रम घ्यावेत असे सांगते, पण कर्मचाऱ्याने किती मिनिटे स्क्रीनसमोर बसावे याबद्दल काही म्हणत नाही. तरीही त्या विषयावरच्या आपल्या कोर्समध्ये घड्याळ लावलेले असते.

हाच कोर्स उदाहरण म्हणून घेऊ. एखाद्या नागरी सहकारी बँकेला आपल्या सर्व शाखांतील कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाच्या प्रतिबंधाविषयी मराठीत कोर्स करायचा आहे आणि तो मूडल या ऑनलाइन प्रशिक्षण चालवणाऱ्या प्रणालीवर चालणार आहे, असे समजा. मूडल निवडण्याचे कारण असे की ते मुक्त आणि विनामूल्य आहे, २००२ पासून उपलब्ध आहे, आणि त्याच्याविषयी इथे सांगितलेल्या बहुतेक सोयी त्याच्या मूळ रूपात मिळतात (प्रमाणपत्रासाठी वेगळे प्लगइन जोडावे लागते). दुसरी एलएमएस (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे मूडलसारखी प्रणाली) वापरणाऱ्यांना बटनांची नावे वेगळी दिसतील, विचार तोच राहील.

आधी कागदावर

संगणक उघडण्यापूर्वी कोर्सचे सर्व भाग एका कागदावर लिहून काढावेत आणि प्रत्येक भागासमोर तो समजण्यासाठी आधी कोणता भाग झालाच पाहिजे हे लिहावे. आपल्या उदाहरणात पहिला भाग पार्श्वभूमीचा असेल, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने दिलेला १९९७ चा विशाखा निकाल आणि त्यानंतर २०१३ साली आलेला कायदा. दुसरा भाग व्याख्येचा: शारीरिक जवळीक साधण्याचा प्रयत्न, लैंगिक स्वरूपाच्या अनुग्रहाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील साहित्य दाखवणे आणि लैंगिक स्वरूपाचे इतर कोणतेही नकोसे शारीरिक, शाब्दिक किंवा निःशब्द वर्तन. तिसऱ्या भागात शाखेत घडू शकणारे प्रसंग देऊन ‘हे वर्तन व्याख्येत बसते का’ असे विचारायचे आहे. चौथ्या भागात तक्रार कोठे, कशी आणि किती मुदतीत करायची हे आहे. पाचवा भाग चौकशीचा आणि गोपनीयतेचा. सहावा फक्त या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांसाठी. शेवटी चाचणी आणि प्रमाणपत्र.

आता बाण काढावेत. तिसरा भाग दुसऱ्यावर अवलंबून आहे, कारण व्याख्या माहीत नसताना प्रसंगाचा निर्णय म्हणजे निव्वळ अंदाज होईल. सहावा भाग चौथ्या आणि पाचव्यावर अवलंबून आहे. अंतिम चाचणी दोन ते पाच या भागांवर आधारलेली आहे. पार्श्वभूमीच्या भागावर मात्र काहीच अवलंबून नाही. तो चांगला आहे, वाचावा असा आहे, पण तो न वाचता व्याख्या समजते, म्हणून त्याला कुठेही बांधू नये. बाण काढून झाल्यावर बहुतेक वेळा असे दिसते की पहिल्यापासून सातव्यापर्यंतच्या सरळ साखळीची गरज नव्हती, खरी बंधने दोन-तीनच आहेत.

या टप्प्यावर एक गोष्ट विशेष जपावी लागते आणि ती मी आग्रहाने सांगतो. चौथा भाग, म्हणजे तक्रारीची माहिती, कधीही आणि कोणत्याही कारणाने बंद ठेवू नये. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते आणि पुरेसे कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. ज्या स्त्रीला हे आज, आत्ता हवे आहे, तिने समिती सदस्यांची नावे पाहण्यापूर्वी दोन धडे आणि एक प्रश्नमंजूषा पार करावी, अशी रचना करणे म्हणजे प्रशिक्षणाच्या हेतूलाच छेद देणे आहे. हाच विचार इतर विषयांतही करावा. अग्निसुरक्षेच्या कोर्समधील बाहेर पडण्याचा नकाशा, माहिती सुरक्षेच्या कोर्समधील ‘संशयास्पद ईमेल आला तर कोणाला कळवावे’ हे पान, यंत्र हाताळणीच्या कोर्समधील आणीबाणीच्या बटनाची माहिती, ही सर्व पाने पहिल्या क्षणापासून उघडी असावीत.

किती मोकळीक द्यावी

हा वाद संगणकाहून जुना आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी शिकवण्याच्या यंत्रासाठी जी रचना मांडली तीत सर्वजण छोट्या छोट्या पायऱ्यांनी एकाच सरळ वाटेने जात. त्याच सुमारास नॉर्मन क्राउडर यांनी उत्तर पाहून वाट बदलणारी, फाटे फुटणारी रचना पुढे आणली. आजच्या एलएमएसमध्ये दोन्ही सोयी आहेत आणि निवड आपल्याला करायची असते.

गतीच्या बाबतीत पुरावा बराचसा शिकणाऱ्याच्या बाजूने आहे. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आकाशात वीज कशी तयार होते हे सांगणारे छोटे ॲनिमेशन सोळा तुकड्यांत कापले, आणि प्रत्येक तुकड्यानंतर पुढे जाण्याचे बटन शिकणाऱ्याच्या हाती दिले. शिकलेले नव्या प्रश्नांना लावून पाहण्याच्या कसोटीत अशा पद्धतीने शिकलेल्यांची कामगिरी सरस ठरली. क्रमाच्या बाबतीत मात्र चित्र मिश्र आहे. अगदी नवख्या माणसाला आपल्याला काय येत नाही हेच नीट ठाऊक नसते, त्यामुळे सगळे दरवाजे उघडे ठेवले तर तो ओळखीच्या भागात रमतो आणि अवघड भाग टाळतो. उलट जाणकाराला नवख्यासाठी आखलेली पायरीपायरीची वाट अडथळा वाटते आणि तिने त्याचे शिकणे मंदावते. म्हणून गती सर्वांच्या हाती द्यावी, आणि क्रम नवख्यांसाठी बांधून जाणकारांना त्यातून सुटण्याचा मार्ग ठेवावा, हे व्यवहारात सर्वांत टिकणारे धोरण आहे.

मूडलमध्ये प्रत्यक्ष रचना

कोर्सच्या सेटिंग्जमध्ये ‘कंप्लीशन ट्रॅकिंग’, म्हणजे कोणी काय पूर्ण केले याची नोंद, चालू आहे याची प्रथम खात्री करावी, कारण पुढचे सर्व काही त्याच्यावर उभे आहे. त्यानंतर प्रत्येक घटकासाठी दोन वेगळे प्रश्न सोडवायचे असतात: हा घटक पूर्ण झाला असे कधी म्हणायचे, आणि हा घटक कोणाला कधी उघडावा. पहिल्याचे उत्तर ‘कंप्लीशन कंडिशन्स’ या भागात द्यायचे, ज्याला जुन्या आवृत्त्यांत ‘ॲक्टिव्हिटी कंप्लीशन’ असे नाव आहे, आणि दुसऱ्याचे ‘रिस्ट्रिक्ट ॲक्सेस’मध्ये. बहुतेक गोंधळ या दोहोंची सरमिसळ झाल्याने होतो.

पूर्ण होण्याची अट ठरवताना ‘व्ह्यू’ या पर्यायावर भिस्त ठेवू नये. पान उघडल्याक्षणी ती अट पूर्ण होते, मग ते वाचले असो वा नसो. पार्श्वभूमीच्या भागासाठी ती ठीक आहे, कारण तिथे आपल्याला फक्त नोंद हवी आहे. दुसऱ्या भागातून तिसऱ्यात जाण्यासाठी मात्र तीन-चार प्रश्नांची छोटी प्रश्नमंजूषा ठेवावी आणि तिची अट ‘पासिंग ग्रेड’ मिळणे ही करावी. हे करताना त्याच प्रश्नमंजूषेच्या ‘ग्रेड’ विभागात ‘ग्रेड टू पास’ हा आकडा भरायला विसरू नये. तो नसेल तर उत्तीर्ण कोण आणि अनुत्तीर्ण कोण हा भेदच ठरत नाही आणि पुढचे कुलूप अपेक्षेप्रमाणे चालत नाही. अशा उंबरठ्यावरच्या प्रश्नमंजूषेत प्रयत्नांची संख्या अमर्याद ठेवावी आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला दोन ओळींचे स्पष्टीकरण जोडावे. हेतू शिकवण्याचा आहे, गाळण्याचा नाही.

आता तिसऱ्या भागाच्या ‘रिस्ट्रिक्ट ॲक्सेस’मध्ये जाऊन ‘ॲक्टिव्हिटी कंप्लीशन’ हे बंधन जोडावे आणि दुसऱ्या भागाची प्रश्नमंजूषा नावाने निवडून ‘मस्ट बी कंप्लीट विथ पास ग्रेड’ हा पर्याय घ्यावा. यादीत ‘आधीचा पूर्ण होणारा घटक’ अशा अर्थाचाही एक पर्याय असतो. सरळ साखळीसाठी तो सोयीचा आहे, पण उद्या कोणी घटकांची जागा बदलली की बंधन नव्या शेजाऱ्याला चिकटते. आपले बंधन आशयावर आधारलेले आहे, तेव्हा नावानेच बांधावे.

बंधनाच्या शेजारी एक डोळ्याचे चिन्ह असते, त्याचे महत्त्व अनेकांच्या लक्षात येत नाही. डोळा उघडा असेल तर घटक फिकट रंगात दिसतो आणि तो का बंद आहे हे खाली लिहून येते. डोळा मिटलेला असेल तर घटक यादीतूनच नाहीसा होतो. सर्वसाधारण कर्मचाऱ्यांसाठी सर्व बंधनांवर डोळा उघडा ठेवावा, म्हणजे पुढे काय आहे आणि तिथे कसे पोहोचायचे हे त्यांना पहिल्या दिवशी कळेल. समिती सदस्यांचा सहावा भाग मात्र डोळा मिटून ‘ग्रुप’च्या बंधनात ठेवावा, कारण तो इतरांना दिसून उपयोग नाही. बंद असल्याचा खुलासा मूडल आपोआप तयार करते आणि त्यात आपण घटकाला दिलेले नाव वापरते. म्हणून घटकाचे नाव ‘भाग २ : व्याख्या – सराव प्रश्न’ असे समजेल असे ठेवावे. ‘पॅकेज फायनल नवीन’ अशा नावाचा घटक पूर्ण करा, असा खुलासा वाचून कर्मचाऱ्याने काय करायचे?

जाणकारांची सुटका करण्यासाठी सुरुवातीला एक पूर्वचाचणी ठेवावी. दरवर्षी हेच प्रशिक्षण घेणाऱ्या ज्येष्ठ अधिकाऱ्याला तीच व्याख्या पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लावण्यात कोणाचेच हित नाही. अंतिम चाचणीच्या ‘रिस्ट्रिक्ट ॲक्सेस’मध्ये सर्वांत वरची अट ‘ऑल’ऐवजी ‘एनी’ करावी. त्याखाली एक बंधन पूर्वचाचणी उत्तीर्ण झाल्याचे ठेवावे, आणि दुसरा ‘रिस्ट्रिक्शन सेट’ (अटींचा गट) जोडून त्यात दोन ते पाच या भागांच्या पूर्णतेच्या अटी ‘ऑल’ने बांधाव्यात. यामुळे अंतिम चाचणीकडे दोन वाटा जातात: एक शिकून, दुसरी येत असल्याचे दाखवून. पूर्वचाचणीत उत्तीर्ण होण्याची पातळी अंतिम चाचणीहून थोडी वर ठेवणे रास्त आहे, आणि तिला प्रयत्न एकच द्यावा, नाहीतर ती अंदाजपंचे दिली जाते.

प्रमाणपत्रावर एकच बंधन पुरते: अंतिम चाचणी उत्तीर्ण असणे. तिथे पुन्हा सर्व भागांची यादी बांधू नये, नाहीतर पूर्वचाचणीने सुटलेला माणूस प्रमाणपत्राच्या दारात अडकतो. ही चूक नेमकी सर्वांत शेवटी आणि सर्वांत ज्येष्ठ लोकांच्या बाबतीत उघडकीस येते.

स्टोरीलाइन आणि स्कॉर्म पॅकेज

कोर्सचा आशय बहुधा आर्टिक्युलेट स्टोरीलाइन किंवा अडोबी कॅप्टिव्हेटसारख्या साधनात तयार होतो आणि स्कॉर्म पॅकेज, म्हणजे वेगवेगळ्या एलएमएसवर चालावा म्हणून ठरावीक मानकानुसार बांधलेला संच, म्हणून एलएमएसवर चढवला जातो. स्टोरीलाइनमध्ये मेनूसाठी तीन प्रकार आहेत. ‘फ्री’मध्ये शिकणारा कोणत्याही स्लाइडवर जाऊ शकतो. ‘रिस्ट्रिक्टेड’मध्ये तो आताची आणि आधी पाहिलेली स्लाइड मेनूतून उघडू शकतो, न पाहिलेली नाही. ‘लॉक्ड’मध्ये मेनू केवळ दिसतो, जाणे-येणे बटनांनीच होते. क्रम खरोखर आवश्यक असेल तिथे ‘रिस्ट्रिक्टेड’ घ्यावे. ‘लॉक्ड’ची बाजू घ्यावी असे एकही सबळ कारण मला दिसत नाही, कारण त्यात मागे जाऊन पाहिलेले पुन्हा वाचणेही त्रासाचे होते, आणि मागे वळून वाचणे हे तर शिकण्याचे लक्षण आहे. लक्षात ठेवावे की मेनू बांधल्याने ‘नेक्स्ट’ बटन बांधले जात नाही. ते वेगळे बंद-चालू करावे लागते.

‘नेक्स्ट’ बंद ठेवायचेच असेल तर ते टाइमलाइन (स्लाइडचा ठरलेला वेळ) संपण्याला न जोडता स्लाइडवरच्या कृतीला जोडावे. तिसऱ्या भागातील प्रसंगाच्या स्लाइडवर चार व्यक्तींची बाजू ऐकायची असेल, तर चारही चित्रांची स्थिती ‘व्हिजिटेड’ (पाहिलेली) झाल्यावर बटन उघडावे. इथे कुलपाचे कारण समोरच दिसते: चौघांचे ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये. अशा स्लाइडच्या गुणधर्मांत पुन्हा भेट दिल्यावर ‘रिझ्यूम सेव्ह्ड स्टेट’ ठेवावे, नाहीतर मागे वळून आलेल्याला सर्व काही पुन्हा दाबत बसावे लागते.

कुलपे पॅकेजच्या आत लावावीत की एलएमएसमध्ये, हा प्रश्न नेहमी येतो. दोन्हीकडे लावली की कोण कुठे अडकले हे शोधणे अवघड होते. माझ्या मते प्रत्येक भागाचे छोटे स्वतंत्र पॅकेज करावे, आतली वाट बव्हंशी मोकळी ठेवावी आणि भागाभागांतला क्रम एलएमएसवर सोपवावा. याला तांत्रिक कारणही आहे. स्कॉर्म २००४ मध्ये क्रम लावण्याचे सविस्तर नियम आहेत: यादीतून निवड करू द्यायची का, पुढे-मागे जाऊ द्यायचे का, फक्त पुढेच जाऊ द्यायचे का, हे सर्व पॅकेजच्या वर्णनात लिहिता येते. पण ते पाळण्याचे काम एलएमएसचे असते, आणि मूडलची भिस्त स्कॉर्म १.२ वर आहे, २००४ चे हे क्रमनियम ते चालवत नाही. तिथे असे पॅकेज चढवून नियम लागू होतील अशी अपेक्षा ठेवू नये.

छोट्या पॅकेजचा दुसरा फायदा ‘जिथे सोडले तिथून पुढे’ या सोयीशी निगडित आहे. स्कॉर्म १.२ मध्ये शिकणाऱ्याची अर्धवट स्थिती साठवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा प्रमाणित आहे. लांबलचक पॅकेजमध्ये, त्यात प्रश्न आणि स्थिती पुष्कळ असतील तर, ही जागा भरून जाते आणि दुसऱ्या दिवशी आलेला माणूस पुन्हा पहिल्या स्लाइडवर उभा राहतो. वाट मोकळी असेल तर तो दोन क्लिकमध्ये आपल्या जागी पोहोचेल. वाट बंद असेल तर त्याला पाऊण तासाचा भाग पुन्हा पाहावा लागेल, आणि या प्रशिक्षणाविषयी त्याचे जे मत होईल ते कायमचे होईल.

मूडलमध्ये स्कॉर्म घटक जोडताना पूर्णतेसाठी ‘पास्ड’ किंवा ‘कंप्लीटेड’ यांपैकी कोणता निरोप ग्राह्य धरायचा हे ठरवावे लागते. पॅकेज जो निरोप पाठवणार तोच इथे निवडलेला असावा. पॅकेजमध्ये प्रश्न नसतील आणि मूडल ‘पास्ड’ची वाट पाहत असेल, तर पुढचा भाग कधीच उघडणार नाही. पूर्ण झाल्याचा निरोप शेवटच्या स्लाइडच्या एक पाऊल आधीच पाठवावा, कारण ‘धन्यवाद’ दिसताच बरेच जण ब्राउझरची खिडकी थेट बंद करतात आणि निरोप वाटेतच राहू शकतो. पॅकेज नव्या खिडकीत उघडण्याऐवजी त्याच खिडकीत उघडावे, कारण फोनवर आणि कार्यालयीन संगणकांवर पॉपअप अनेकदा रोखलेले असतात.

व्हिडिओ आणि चाचणी

व्हिडिओ पुढे ढकलता येऊ नये यासाठी एच५पी या परस्परसंवादी आशय बनवण्याच्या साधनातील ‘इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ’मध्ये एक पर्याय आहे. तो एकटा वापरला तर परिणाम तोच होतो: व्हिडिओ चालू, माणूस दुसरीकडे. त्याच साधनात याहून चांगली सोय आहे. व्हिडिओच्या मध्ये प्रश्न ठेवून, चुकीचे उत्तर आल्यास व्हिडिओ संबंधित मिनिटाला मागे नेता येतो, आणि पूर्ण गुण मिळाल्याशिवाय पुढे न जाण्याची अटही लावता येते. ज्याला उत्तर माहीत आहे तो थांबत नाही, ज्याला नाही तो नेमका हवा तो तुकडा पुन्हा पाहतो. मागे जाण्याची मुभा मात्र कधीही काढून घेऊ नये, आणि व्हिडिओतील आशय लेखी स्वरूपातही जोडावा. वाचून लवकर शिकणारे लोक आपल्या कार्यालयांत भरपूर आहेत.

अंतिम चाचणीत मूडल ‘फ्री’ आणि ‘सिक्वेन्शियल’ असे दोन प्रकार देते. दुसऱ्यात एकदा पुढे गेले की मागे येता येत नाही. पुढच्या प्रश्नात मागच्याचे उत्तर दडलेले असेल, उदाहरणार्थ एकाच प्रसंगाचे टप्पे उलगडत जात असतील, तेव्हाच तो वापरावा. बाकी वेळी उत्तर पुन्हा तपासून बदलण्याचा हक्क परीक्षार्थीचा आहे. लगेच पुन्हा प्रयत्न करून उत्तरे पाठ करण्याची भीती असेल, तर दोन प्रयत्नांमध्ये सक्तीचा काही तासांचा अवकाश ठेवता येतो आणि प्रश्नपेढीतून वेगवेगळे प्रश्न निवडले जातील अशी व्यवस्था करता येते.

चाचणीला वेळेची मर्यादा लावताना डोळ्यांनी कमी दिसणारे, स्क्रीन रीडर वापरणारे किंवा मराठी सावकाश वाचणारे कर्मचारी विचारात घ्यावेत. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांत वेळेची मर्यादा बंद करता येणे, बदलता येणे किंवा वाढवता येणे ही अगदी पहिल्या पातळीवरची अपेक्षा आहे, आणि ‘यूजर ओव्हरराइड’ वापरून मूडलमध्ये एखाद्या व्यक्तीला जादा वेळ देता येतो. बंद बटनाबाबतही हीच काळजी घ्यावी. ते केवळ फिकट रंगाने न दाखवता ‘चारही व्यक्तींचे ऐकल्यावर पुढे जाता येईल’ असे शेजारी लिहावे, म्हणजे रंग न दिसणाऱ्यालाही आपण का थांबलो आहोत हे कळेल.

सुरू करण्यापूर्वी आणि नंतर

कोर्स तपासताना शिक्षकाच्या खात्यातून पाहून समाधान मानू नये, कारण त्या खात्याला बंधने लागूच होत नाहीत. ‘स्विच रोल टू’ने विद्यार्थ्याची भूमिका घेता येते, पण गट आणि पूर्णतेच्या अटी खऱ्या अर्थाने तपासायच्या तर वेगळी चाचणी खाती उघडावीत. एक खाते सर्व भाग क्रमाने करील, दुसरे पूर्वचाचणी उत्तीर्ण होईल, तिसरे प्रत्येक प्रश्नमंजूषेत मुद्दाम नापास होईल, चौथे समिती सदस्यांच्या गटात असेल, आणि पाचवे प्रत्येक भाग मध्येच सोडून दुसऱ्या दिवशी साध्या फोनवरून परत येईल. यांतले तिसरे आणि पाचवे खाते सर्वाधिक दोष दाखवते. नापास होणाऱ्यासाठी वाट कुठे संपते, हे तपासल्याशिवाय कोर्स सुरू करू नये.

मदतीसाठी कोणाशी संपर्क करावा हे प्रत्येक बंद घटकाच्या जवळ लिहावे, आणि मदत करणाऱ्याच्या हाती अधिकारही द्यावा. ‘ॲक्टिव्हिटी कंप्लीशन’ अहवालात शिक्षकाला एखाद्या व्यक्तीचा घटक स्वतः पूर्ण म्हणून नोंदवता येतो. शाखेत इंटरनेट तुटल्याने निरोप पोहोचला नाही, अशा वेळी कर्मचाऱ्याला पुन्हा सगळे करायला लावण्यापेक्षा ही नोंद करणे योग्य, आणि असे कधी व कोणासाठी केले याची वेगळी टिपणी ठेवावी.

पहिल्या आठवड्यानंतर हाच अहवाल शांतपणे पाहावा. एकाच घटकावर बरेच लोक थांबलेले दिसले, तर आळसाचा आरोप करण्याआधी त्या घटकाची प्रश्नमंजूषा स्वतः सोडवून पाहावी. प्रश्नाची भाषा संदिग्ध निघते, किंवा बरोबर उत्तरावर खूण चुकीची झालेली असते, किंवा फोनवर शेवटचे बटन पडद्याबाहेर जाते. मात्र दुरुस्ती करताना एक सावधगिरी घ्यावी. एखाद्या घटकाची नोंद एकदा कोणाच्या नावावर झाली की त्याच्या पूर्णतेच्या अटी मूडल गोठवते. त्या ‘अनलॉक’ करून बदलल्यास सर्वांच्या त्या घटकाच्या नोंदी पुसल्या जातात आणि जिथे शक्य आहे तिथेच पुन्हा मोजल्या जातात. जिथे शक्य नाही तिथल्या लोकांना तो घटक पुन्हा करावा लागतो. म्हणून आधी अहवाल उतरवून जपून ठेवावा, बदलाची वेळ आणि कारण सर्वांना कळवावे, पुसल्या गेलेल्या नोंदी हाताने भरायला एक माणूस नेमावा आणि त्यानंतरच ‘अनलॉक’ दाबावे.